कावळा बसला आणि फांदी मोडली

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले अकरा फोटो पाहिले. अकराही त्या बुरशीचे. वरून, खालून, बाजूने, एकात तर शेजारी मोजपट्टी ठेवून. मेहनत दिसते. पण ज्या पाइनच्या बुंध्याशी ती उगवलीय, त्याचा शेंडा एकाही फोटोत नाही. शेजारची झाडं कशी आहेत ते नाही. मुळांपाशी जमीन कशी आहे ते नाही. आणि खाली तुझा प्रश्न: "मॅडम, ही कोणती? हिनेच झाड मारलं ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलंय, पण ते आत्ता सांगणार नाही. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्या प्रश्नातल्या त्या "ना"साठी मात्र हे पत्र लिहितेय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर आपल्या, म्हणजे झाडांच्या रोगांच्या, क्षेत्रात बहुतेक वेळा कावळ्यावर खटला भरला जातो. मीही भरलाय.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. एका जुन्या, रुंदपर्णी झाडांच्या लागवडीत उभी झाडं वाळायला लागली, म्हणून मला पाठवलं. मी बुंध्याची साल सोलली तर खाली पांढरीशुभ्र, पंख्यासारखी पसरलेली बुरशी. मुळांवर बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्या. वास ताज्या अळंबीचा. पुस्तकातल्या चित्रातून उतरल्यासारखी आर्मिलेरिया, मुळं कुजवणारी बुरशी! रात्री तंबूत दिवा मालवल्यावर नमुन्याची पिशवी उघडली, तर लाकडाचे तुकडे मंद हिरवट उजळत होते. आर्मिलेरिया धरलेलं ओलं लाकूड अंधारात असं उजळतं, हे वाचलं होतं. पाहिलं त्या रात्री. झोप लागली नाही. पहाटे अहवालाचा मसुदा तयार होता: रोगट झाडं काढा, भोवती चर खणा, म्हणजे दोऱ्या पलीकडे जाणार नाहीत.

वरिष्ठांनी अहवाल उचलून धरला. झाडं पडली, चर खणला गेला, पैसे खर्च झाले. पुढची दोन वर्षं झाडं वाळतच राहिली, चराच्या आतही आणि बाहेरही. तिसऱ्या वर्षी तिथल्या एका म्हाताऱ्या वनमजुराने मला हाताला धरून नेल्यासारखं नेलं आणि म्हणाला, "बाई, रस्त्याचा भराव झाल्यापासून इथं पाणी थांबतं. आधी थांबत नव्हतं." भरावाखालची मोरी ओहोळाच्या तळापेक्षा हातभर वर बसवली होती. पावसाळाभर मुळं पाण्यात गुदमरत होती. आर्मिलेरिया जमिनीत आधीपासूनच होती, जुन्या खुंटांवर जगत. झाडं दमली तशी ती वर चढली. आम्ही रोग म्हशीला आणि औषध पखालीला दिलं होतं.

आणि त्याच रस्त्याने मी रोज जीपमधून जात होते. माझ्या अहवालात रस्ता हा शब्द एकदाही नव्हता.

आर्मिलेरिया अगदीच निर्दोष असते, असं मात्र घेऊन बसू नकोस. तिच्या काही जाती धडधाकट झाड आडवं करतात. अमेरिकेत ऑरेगनच्या माल्हर जंगलात तिचं एकच शरीर सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेलं आढळलं, आणि ते कित्येक हजार वर्षांचं असावं असा अंदाज आहे. जंगलात फिरणाऱ्याला तिथे फक्त इथे दोन, तिथे चार मेलेली झाडं दिसतात. हे सगळं एकच आहे, हे वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने आणून जुळवून पाहिले तेव्हा कळलं. भूछत्र म्हणजे बुरशीचं फळ. फळ पाहून खालचा पसारा किती, ते कळत नाही.

आता एक जुनी गंमत. आज आपण सहज म्हणतो की बुरशीने लाकूड कुजतं. दीडशे वर्षांपूर्वी बऱ्याच जाणत्यांचं मत उलटं होतं: लाकूड आधी कुजतं आणि त्या कुजण्यातून बुरशी उपजते. रॉबर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८७४ साली दाखवून दिलं की खोडाबाहेर दिसणारं फळ आणि आतल्या लाकडात पसरलेले बारीक धागे एकाच जिवाचे आहेत, आणि कूज त्या धाग्यांमुळे होते. आपल्या शास्त्राचा पाया तिथे पडला. पण मला त्या जुन्या मंडळींची अधूनमधून आठवण येते. "आधी काय झालं?" हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर चुकलं होतं. आपल्या पिढीचं उलट झालंय. उत्तर पाठ आहे, प्रश्नच विसरलोय.

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची पाळी मोठमोठ्यांवर येते, हे तुला ॲशच्या झाडाच्या गोष्टीत दिसेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये ॲशची झाडं शेंड्याकडून वाळू लागली. रोगाला कारण असलेली बुरशी ओळखून तिला नाव मिळायला २००६ साल उजाडलं. मग प्रश्न आला की हिची लैंगिक अवस्था कोणती, बीजाणू कुठून उडतात? २००९ मध्ये उत्तर मिळालं: हायमेनोसायफस अल्बिडस. ही युरोपातलीच, ॲशच्या गळलेल्या पानांच्या देठांवर पिढ्यानपिढ्या गुमान जगणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी बुरशी. एवढ्या गरीब प्राण्याला अचानक काय झालं? साल दीड सालात डीएनएने उलगडा केला. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी जात होती, पूर्व आशियातून आलेली. तिकडच्या मांचुरियन ॲशच्या पानांवर ती फारसा त्रास न देता राहते. युरोपातल्या ॲशने तिला कधी पाहिलंच नव्हतं. आज तिचं नाव हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस. आणि तो संन्यासी? तो बिचारा अनेक ठिकाणांहून नाहीसा होत चाललाय, कारण त्याच देठांवर आता नवी बुरशी आधी येऊन बसते.

ते संशोधक कच्चे नव्हते. त्यांच्या हातात जे होतं त्यावर ते उत्तर बरोबरच दिसत होतं. पुढच्यांनी "पण मग इतकी वर्षं का नाही?" असं विचारलं, म्हणून गाडी पुढे सरकली.

तर मग आरोप सिद्ध कसा करायचा? कॉखच्या कसोट्या तू परीक्षेसाठी पाठ केल्या असशील. प्रत्येक आजारी झाडात तो जीव सापडला पाहिजे, तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी झाडाला दिल्यावर तोच आजार व्हायला हवा, आणि त्या झाडातून तोच जीव पुन्हा मिळाला पाहिजे. कागदावर चार ओळी. झाडाच्या बाबतीत यात चार वर्षं जातात, कारण रोपाला जे होतं ते साठ वर्षांच्या झाडाला होईलच असं नाही. शिवाय तांबेऱ्याच्या बुरशी जिवंत झाडाशिवाय सहसा वाढतच नाहीत. तिथे दुसरी कसोटी लंगडी पडते. तरी ही चौकट सोडू नकोस. डीएनएची यादी हाती आली की पोरं हल्ली हुरळून जातात. एका चमचा मातीत शेकडो जातींची नावं निघतात. मतदारयादीत नाव आहे म्हणून तो माणूस त्या रात्री घटनास्थळी होता, असं होत नाही.

नमुना कसा घ्यायचा, हे कुणी नीट शिकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मेलेल्या भागातून घेऊ नकोस. तिथे नंतर आलेल्यांचीच जत्रा असते. बुंध्यापाशी बस, धारदार चाकूने साल हळूहळू, नखाएवढी नखाएवढी काढत वर सरक. तपकिरी, मेलेली अंतर्साल संपून पांढरी-ओलसर जिवंत साल सुरू होते ती रेघ सापडेपर्यंत. ती रेघ म्हणजे आजची आघाडी. तुकडा त्या रेघेवर अर्धा अलीकडे अर्धा पलीकडे असा, दोन-तीन मिलिमीटरचा. प्रत्येक झाडानंतर चाकू स्पिरिटने पुसून ज्योतीवरून काढायचा. कंटाळा आला तरी. त्याच दिवशी आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या डिशमधल्या खाद्यावर, टाकता आला तर उत्तम, नाहीतर थंड ठेव, प्लास्टिकमध्ये कोंबू नकोस, कागदात गुंडाळ. तीन दिवसांत डिश हिरवीगार झाली तर आनंदाने उडी मारू नकोस. ती ट्रायकोडर्मा नावाची आगंतुक बुरशी असण्याचीच शक्यता जास्त; ती वाऱ्याच्या वेगाने वाढते आणि खऱ्या आरोपीला झाकून टाकते. आपल्याला हवा असलेला जीव बहुधा कडेला, दहाव्या दिवशी, लाजत लाजत उगवतो.

आणि एकाच झाडावरून दहा नमुने घेतलेस तर ते दहा नाहीत. ते एक झाड आहे. यावरून माझा एक आख्खा शोधनिबंध परत आला होता, आणि परत पाठवणाऱ्याचं बरोबर होतं.

निरोगी झाडांचेही नमुने घे. हे कुणी करत नाही, कारण निरोगी झाडाकडे जायला निमित्त नसतं. पण तीच बुरशी निरोगी झाडांतही तितकीच सापडली, तर तुझा खटला कोर्टात उभा राहणार नाही, आणि हे तुला इतर कुणी सांगण्याआधी कळलेलं बरं.

आता व्यवस्थापनाकडे येते. "मला बुरशी आवडते, व्यवस्थापन म्हणजे फायली" असं तू मागे म्हणाली होतीस. ते ऐकून मी हसले होते. का, ते आता सांगते.

सूचिपर्णी झाडांच्या मुळांना आणि बुंध्याला कुजवणारी हेटेरोबेसिडियॉन नावाची बुरशी आहे. मोठमोठ्या जंगलांत ती लागवडीचं अतोनात नुकसान करते. पण ती निरोगी, न दुखावलेल्या जंगलात सहजासहजी शिरत नाही. तिला दार लागतं, आणि ते दार आपण उघडतो. विरळणी करताना, म्हणजे उरलेल्या झाडांना जागा मिळावी म्हणून मधली झाडं कापताना, प्रत्येक झाडामागे एक ताजा, ओला, गोल खुंट राहतो. हवेतून बीजाणू त्या कापावर पडतात. त्या खुंटाची प्रतिकारशक्ती संपलेली, पण त्याची मुळं शेजाऱ्यांच्या मुळांना चिकटलेली. बुरशी खुंटातून खाली उतरते, मुळामुळाने शेजारच्या उभ्या झाडात जाते. जंगल सुदृढ व्हावं म्हणून केलेल्या कामातूनच रोग पसरतो!

ब्रिटनमध्ये जॉन रिशबेथ या संशोधकाने १९५० च्या आसपासच्या वर्षांत हे कोडं सोडवलं, आणि त्याचा उपायही त्याच खुंटावर शोधला. तो कापलेल्या खुंटांकडे बघत बसला. कुठल्या खुंटात कोण आधी पोचतं, कोण कोणाला हुसकावतं. त्याच्या लक्षात आलं की फ्लेबिऑप्सिस नावाची दुसरी एक बुरशी (तेव्हा तिचं नाव वेगळं होतं) खुंट आधी बळकावते, मेलेलं लाकूड खाते आणि हेटेरोबेसिडियॉनला जागा ठेवत नाही. उभ्या झाडांना तिचा उपद्रव नाही. मग झाड कापल्या कापल्या खुंटावर तिचे बीजाणू मुद्दाम लावायचे. काही ठिकाणी युरिया किंवा बोरॉनची संयुगं लावतात. आज कापणी यंत्राच्या पात्यामधूनच हा द्रव कापावर फवारला जातो. सगळी मेख वेळेची आहे. आज कापलेल्या खुंटाला पुढच्या आठवड्यात औषध लावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

सांग, हे बुरशीशास्त्र की व्यवस्थापन? रिशबेथला हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही. करवत कधी चालली, कोणत्या मोसमात, खुंट किती उंच ठेवले, ओंडके ओढताना उभ्या झाडांच्या बुंध्याची साल किती सोलली गेली, यातच रोगाची अर्धी गोष्ट असते. त्या शेवटच्या मुद्द्यावर अमेरिकेच्या वनसेवेतल्या ॲलेक्स शायगोचं काम जरूर वाच. त्याने करवत घेऊन हजारो झाडं उभी चिरली आणि जखमेनंतर आत काय होतं ते पाहिलं. झाड खराब झालेलं लाकूड दुरुस्त करत नाही. भोवती भिंती घालून ते कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. जखमेवर रंग किंवा डांबर फासण्याची पद्धत कूज रोखत नाही, हे त्याच्या कामातून पुढे आलं. तरी अजून डबा आणि कुंचला घेऊन हिंडणारे भेटतात. त्यांच्याशी भांडू नकोस, एक चिरलेला ओंडका दाखव.

माणूस रोगाला स्वतः गाडीत बसवून आणतो, याची याहून विचित्र उदाहरणं आहेत. व्हाइट पाइन हे मूळचं उत्तर अमेरिकेतलं झाड. ते युरोपात नेऊन लावलं, तिथे त्याला तांबेरा लागला. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोपं तिकडे स्वस्त पडतात म्हणून युरोपच्या रोपवाटिकांतून व्हाइट पाइनची रोपं अमेरिकेत मागवली गेली. लेक माहेरी आली ती साथ घेऊन. या तांबेऱ्याला आयुष्य पुरं करायला दोन यजमान लागतात, पाइन आणि करंट-गूजबेरीच्या कुळातली झुडपं. म्हणून पुढे कित्येक दशकं माणसांच्या फौजा जंगलातून ती झुडपं उपटत फिरल्या. काही भागांत उपयोग झाला, पश्चिमेकडच्या डोंगरांत जवळजवळ नाही. मुळाचा तुकडा राहिला तरी झुडूप पुन्हा फुटतं. ती सारी मजुरी रोपांच्या किमतीत कुणीच धरली नव्हती.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅरा या झाडाच्या जंगलाचं दुखणं याहून वाईट. १९२० च्या दशकापासून झाडं मरताना दिसत होती; फायटॉप्थोरा सिनॅमोमी हे कारण पक्कं व्हायला १९६० चं दशक उजाडलं. मधल्या काळात जंगलात रस्ते होत राहिले, आणि रस्त्यांसाठी लागणारा मुरूम रोगट भागांतूनही उचलला गेला. बाकीचं तूच समज. जाता जाता हेही लक्षात ठेव की फायटॉप्थोरा बुरशीसारखी दिसते पण बुरशी नाही. तिचं नातं तपकिरी शेवाळांशी आहे, तिची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजच्या घराण्यातली, आणि बुरशीवर चालणारी कितीतरी औषधं तिच्यावर चालत नाहीत. साध्या आगरवरही ती मागे पडते. तिला पकडायचं तर माती पाण्यात कालवून वर ताजी पानं तरंगत ठेवायची. तिचे पोहणारे बीजाणू पानावर येऊन डाग पाडतात, मग त्या डागातून ती काढायची. प्रयोगशाळेतलं सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारं काम. सकाळी येऊन पानावर पहिला पाणचट डाग दिसतो तेव्हा अजूनही छातीत धडधडतं.

आणि तुझे बूट. रोगट जंगलातून निरोगी जंगलात जाताना बुटांच्या खाचांतली माती ब्रशने काढून तळवे स्पिरिटने धुतल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. गाडीची चाकंसुद्धा. रोगाचा अभ्यास करणारेच रोग पसरवतात, हे ऐकायला कडू आहे.

"तोडा आणि जाळा" हा सल्ला देताना मात्र दहादा विचार कर. अमेरिकेतल्या चेस्टनटची हकिकत तुला माहीत आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात सालीवर व्रण पाडणारा बुरशीचा रोग प्रथम नजरेस आला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत ३०० ते ४०० कोटी झाडं गेली. सुरुवातीला रोग अडवायला पट्टेच्या पट्टे तोडले गेले. रोग वाऱ्याबरोबर आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून पुढे निघून गेला. मग "नाहीतरी मरणारच, निदान लाकूड तरी घ्या" म्हणून धडधाकट झाडंही कापली गेली. त्यांत एखादं टिकणारं होतं का, हे आता कधीच कळणार नाही. याउलट इटलीत तोच रोग १९३८ मध्ये जेनोवाजवळ सापडला, आणि १९५० च्या दशकात बिरागी नावाच्या वनरोगतज्ज्ञाला काही झाडांवरचे व्रण आपोआप भरून येताना दिसले. ती झाडं कापली असती तर? फ्रान्समध्ये ग्राँत या संशोधकाने अशा व्रणांतून फिकट, अशक्त बुरशी वेगळी काढली. ती दुसऱ्या व्रणावर लावली की तिथली तेजतर्रार बुरशीही अशक्त व्हायची. पुढे कळलं की बुरशीलाच विषाणू झालाय! युरोपात त्यावर काम उभं राहिलं. अमेरिकेत ते तितकंसं जमलं नाही, कारण तिकडे या बुरशीचे एकमेकींशी न जुळणारे इतके पोटप्रकार आहेत की विषाणू एकीतून दुसरीत सहज जात नाही. ॲशच्या जंगलांतही साथीत तग धरून राहिलेली थोडी झाडं आहेत, आणि त्यांची ही ताकद बऱ्याच अंशी पुढच्या पिढीत उतरते. बियाणं तिथूनच मिळायचं आहे. मेलेली झाडंही सगळी उचलायची नसतात; रस्त्यावर पडणारं काढ, बाकीचं लाकूड कुजवणाऱ्या बुरशींना आणि ढोलीत राहणाऱ्यांना राहू दे.

चेस्टनटवरून आठवलं. रोगाला टिकणारं चेस्टनट जनुकांतरणाने बनवायचा प्रयत्न कित्येक वर्षं चालू आहे. २०२३ च्या अखेरीला उघडकीस आलं की 'डार्लिंग ५८' म्हणून ज्या वाणावर चाचण्या चालल्या होत्या, तो प्रत्यक्षात 'डार्लिंग ५४' होता. परागांची अदलाबदल फार आधी, कधीतरी झाली होती आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. म्हणून चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी जे डोकं खाते ते खाऊ दे. वही शिसपेन्सिलीनेच. पिशवीवर आणि पिशवीच्या आतही चिठ्ठी. झाडाला पत्र्याचा बिल्ला ठोकताना खिळा निम्मा बाहेर ठेव, नाहीतर वाढणारं खोड बिल्ला गिळतं; पंचवीस वर्षांनी येणाऱ्याला नुसता फुगवटा दिसतो. दाट झाडीत मोबाइलवरची जागा काही मीटर इकडेतिकडे दाखवते, त्यामुळे पायवाटेपासून किती पावलं, कोणत्या दिशेला, हेही लिही. तू ठोकलेले बिल्ले कुणीतरी तिसराच मोजणार आहे. माझ्या हाताखालच्या एका प्रयोगक्षेत्राची पहिली मोजणी माझ्या जन्माआधीची आहे. ज्याने केली त्याचं अक्षर मला ओळखीचं झालंय, माणूस कधी पाहिला नाही. तो प्रत्येक पानाच्या शेवटी "काही आढळले नाही" असं लिहायचा. त्या तीन शब्दांनी माझे दोन निबंध उभे राहिले.

मुळांच्या बुरशीजाळ्यातून झाडं एकमेकांशी बोलतात, आई झाडं पिल्लांना भरवतात, यावर तुला काम करायचंय असं तू लिहिलंयस. कर. १९९७ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या प्रयोगाने एका झाडातला कार्बन दुसऱ्यात पोचतो हे जंगलात दाखवलं, आणि ते मोठंच काम होतं. पण त्यावर उभा राहिलेला पुढचा इमला पुराव्यापेक्षा उंच गेलाय, असं याच विषयात आयुष्य घालवलेल्या तिघांनी २०२३ मध्ये मुद्देसूद मांडलं. आधी ते वाच. गोड गोष्टीला दुप्पट पुरावा मागावा, असं मला वाटतं; पण तू तरुण आहेस, तुझं मत वेगळं असू शकतं.

शेवटचं, वनाधिकाऱ्यांबद्दल. त्यांचा प्रश्न एकच असतो: कापू की ठेवू? "अधिक संशोधनाची गरज आहे" हे उत्तर नाही, ती पळवाट आहे. तुला जेवढं कळलंय तेवढ्यावर एका पानात मत दे, किती खात्री आहे तेही लिही, आणि चुकलीस तर पुढच्या वर्षी स्वतः जाऊन सांग. मी त्या मोरीबद्दल सांगायला गेले होते. साहेब दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग चहा मागवला. मोरी पुढच्या उन्हाळ्यात खाली घेतली गेली. वनमजुराचं नाव मात्र माझ्या दुसऱ्या अहवालातही आलं नाही. ते मला अजून लागतं.

भिंग वापरून झालं की परत पाठव. काच जपून.

तुझी,
मॅडम

ता. क. फोटो पुन्हा एकदा मोठे करून पाहिले. सातव्या फोटोत, अगदी डाव्या कोपऱ्यात, एका कापलेल्या खुंटाची कड आलीय. तुझ्या झाडापासून फार तर तीन-चार मीटरवर असेल. कधी कापला, कोणत्या महिन्यात, आणि वर काही लावलं होतं का, ते तिथल्या वनरक्षकाला विचार. मग त्या बाजूची माती हाताने उकर, मुळं कुठे भेटतात ते बघ, आणि त्याचा फोटो पाठव. नावाचं तेव्हा बोलू.